मास्क फक्त सासूबाईंनीच का लावावा?

प्रश्न : माझ्या सासूबाई 62 वर्षांच्या असून दीड वर्षापूर्वी त्यांच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. कोविड लशीचे दोन डोस आणि त्यानंतरचा प्रिकॉशन (खबरदारीचा तिसरा) डोसही झाला आहे. मे महिन्याच्या अखेरीस माझ्या धाकट्या दिरांचे लग्न एसी हॉलमध्ये आहे. 2022 च्या गुढीपाडव्यापासून मास्कची सक्ती उठल्यामुळे ज्यांना भीती वाटते त्यांनी मास्क लावावा, इतरांना कशाला त्रास, असे नातेवाईक म्हणतात. मुलीकडच्यांना सांगितले तर त्यांना राग येईल, असे सासऱ्यांना वाटते. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : 2 एप्रिल 2022 पासून मास्क ऐच्छिक झाला, म्हणजे दंडाची पावती फाडणे थांबले, कोविडची साथ संपल्याचे तेव्हा कोणीही जाहीर केले नव्हते. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून तुमच्या सासूबाई टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या घेत असणार. ज्या पेशी परक्या अवयवावर हल्ला करतात, त्याच पेशींच्या मदतीने लशीनंतर प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात आणि या गोळ्या त्यांनाच आवरून धरतात. त्यामुळे तीन डोस होऊनही त्यांना तुमच्याइतके संरक्षण मिळाले असेल, असे गृहीत धरता येत नाही. अर्थात, म्हणून गोळ्या स्वतःहून कमी करणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे.

नीट बसणारा एन-95 मास्क त्यांचे बरेच रक्षण करील, पण त्या वरमाई आहेत. दिवसभरात त्यांना जेवावे लागेल, पाण्याबरोबर गोळ्या घ्याव्या लागतील, फोटोसाठी आग्रह होईल. मास्क उतरवलेल्या त्या मिनिटांत हॉलच्या हवेत काय तरंगते आहे, हे सर्वस्वी इतरांवर अवलंबून असते. शिवाय ताप-खोकला सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, त्यामुळे ‘बरे नसेल तर येऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. निदान सासूबाईंच्या जवळ वावरणाऱ्यांनी मास्क लावावा, ही मागणी अवास्तव नाही.

हॉल बदलून लॉन घेता आले तर उत्तमच. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची आत आणत नाही. म्हणून हॉल कायम ठेवावा लागला तर खिडक्या उघडतात का, हे व्यवस्थापकांना आधीच विचारा. वीज जास्त जळेल म्हणून ते कुरकुर करतील, करू द्या. मंगलाष्टके म्हणणारे गुरुजी हातभर अंतरावर उभे राहून मोठ्याने म्हणतात आणि मोठ्या आवाजाबरोबर तोंडातून कणही अधिक बाहेर पडतात, तेव्हा गुरुजी, फोटोग्राफर आणि साडी नेसवणाऱ्या बाई यांना तुमच्याकडूनच एन-95 द्या. झडपेचा मास्क मात्र नको, कारण त्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर येतो. विहिणींची पंगत मानाची असली तरी ती गर्दीतच बसली पाहिजे असे नाही. खिडक्या असलेल्या वेगळ्या खोलीत किंवा गच्चीवर दोघी विहिणींची पाने मांडता येतील.

मुलीकडच्यांना हे हॉलच्या दारात कळले तर राग येणारच. सासऱ्यांनी स्वतः आठवडाभर आधी व्याह्यांना फोन करून प्रत्यारोपणाविषयी मोकळेपणाने सांगावे. ज्या घरी मुलगी देत आहेत तिथले आजारपण लपवणे, हेच पुढे अधिक बोचते. स्वागताच्या टेबलावर अत्तर-गुलाबपाण्याशेजारी मास्कचा खोका ठेवा आणि तिथे उभ्या राहणाऱ्या मंडळींनी स्वतः मास्क लावलेला असू द्या.

तुम्ही घरातली मंडळी त्यांच्या सर्वांत जवळ असता, म्हणून लग्नाच्या सकाळी घरगुती अँटिजेन किटने चाचणी करा. ती निगेटिव्ह आली तरी मास्क काढण्याचा परवाना समजू नका. एन-95 धुऊ नये. कण धरून ठेवणारा त्याच्या थरांतील विद्युतभार साबणाने जातो.

लग्नानंतर सासूबाईंना घसादुखी किंवा कणकण जाणवली, तर वाट न पाहता चाचणी करून त्याच दिवशी त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना कळवा. कोविडच्या काही उपचारांत रिटोनाविर हे औषध असते आणि ते टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी धोकादायक प्रमाणात वाढवते; म्हणून दुसऱ्या कोणी औषध लिहून दिले, तरी मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नका.