आईच्या चपला कुठे आहेत?

प्रिय ताई,
माझी आई ७४ वर्षांची. मार्चमध्ये पहाटे बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्यात मोडलं. ऑपरेशन करून रॉड टाकला. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, आता पायावर पूर्ण भार द्या, चाला. फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून तीनदा घरी येतात, पाऊण तास व्यायाम घेतात. त्यांच्यासमोर आई सगळं करते. त्या गेल्या की पलंगावर, आणि वॉकर कोपऱ्यात. आम्ही तिला काही कमी पडू दिलेलं नाही. चहा, जेवण, पेपर सगळं जागेवर मिळतं. पूर्वी रोज संध्याकाळी ती एकटी गणपतीला जायची. आता उगाच बाहेर पडायचा मोह नको म्हणून तिच्या चपलासुद्धा माळ्यावर ठेवल्यात. तरी सारखी चिडचिड. चाल म्हटलं की ‘कशाला चालू?’ म्हणते. फिजिओ बदलावी का? की एखाद्या समुपदेशकाकडून तिला समजावावं?
– एक मुलगा, सांगली

तुमच्या पत्रात चपलांचा उल्लेख जाता जाता आलाय. मी मात्र तिथेच अडले, आणि अजून तिथेच आहे.

आई विचारते, ‘कशाला चालू?’ तुम्हाला तो हट्ट वाटतो. मला तो अगदी सरळ प्रश्न वाटतो. पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत माणसानं कशाला चालावं? तिच्याकडे चालण्याचं एक कारण होतं, रोज संध्याकाळचं, तिचं स्वतःचं. ते तुम्ही काढून घेतलंत आणि आता व्यायामात तिचं मन लागत नाही म्हणून फिजिओ बदलायला निघालात.

त्या मॅडमना बदलू नका. त्यांचा यात काही दोष नाही. आठवड्यातून तीनदा पाऊण तास म्हणजे सव्वादोन तास. आठवड्याचे तास १६८. त्या सव्वादोन तासांत कमावलेलं उरलेल्या वेळात पलंगावर वाया जातं, आणि किती भराभर वाया जातं ते ऐका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात साठी-सत्तरीच्या धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेले. ती निरोगी माणसं होती. तुमच्या आईचं तर हाड मोडून ऑपरेशन झालंय. चहा जागेवर, पेपर जागेवर, हे तुम्ही प्रेमानं करता यात मला शंका नाही. पण त्या प्रेमापायी तिच्या मांड्यांतली ताकद रोज थोडी थोडी चाललीय, आणि हे कुणीतरी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं.

ती पुन्हा पडेल ही तुमची भीती मला कळते. पण आई पडली कुठे? बाथरूममध्ये. गणपतीच्या वाटेवर ती वर्षानुवर्षं गेली आणि धड परत आली. तुम्ही मात्र वाट बंद केलीत, आणि बाथरूमबद्दल पत्रात अवाक्षर नाही. कमोडच्या बाजूला भिंतीत स्टीलचा दांडा बसवलात का? रात्री तिथे दिवा राहतो का? फरशी कोरडी असते का? नसेल तर हे काम याच आठवड्यात करून टाका. आणि नुसतं घसरून या वयात खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. त्यावरचं औषध सुरू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. अनेक घरांत ऑपरेशन होतं, टाके निघतात, आणि हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आता तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. आईला चपलेच्या दुकानात घेऊन जा.

माळ्यावरच्या काढून देऊ नका. अंगठ्याच्या सैल चपला आता तिला चालणार नाहीत. मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची, पावलाला घट्ट बसणारी जोडी हवी. तुम्ही जाऊन माप देऊन आणाल, तर ते चालणार नाही. ती येईल, ती निवडेल. रंग तिला आवडेल तोच. चारच्या सुमाराला जा, बाजारात गर्दी व्हायच्या आत. त्या वेळेला पाय थोडे सुजलेले असतात, म्हणजे मापही बरोबर मिळतं. दाराशी पायऱ्या नसलेलं दुकान आधी हेरून ठेवा.

फिजिओ मॅडमना आजच सांगा की आईला दुकानात जायचंय, तयारी करून घ्या. त्यांना आनंद होईल. पुढचे दोन-तीन दिवस व्यायाम पलंगाजवळ नको, दारात घ्या म्हणावं. उंबरठा ओलांडायचा, रिक्षात चढायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे त्या शिकवतीलच. तुम्हीही तिथे उभे राहा आणि शिका.

दुकानात काय होईल पाहा. ती खुर्चीत बसेल. एक जोडी घालून उठेल, आरशासमोर चार पावलं टाकेल, वळेल, परत येऊन बसेल. ती नको, दुसरी दाखवा म्हणेल. पुन्हा उठेल. मॅडम घरी जे घेतात तेच हे सगळं आहे, फक्त इथे मोजत कुणी नाही आणि तिला हवंय म्हणून ती करतेय. उठताना खुर्चीत जरा पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, छाती पुढे न्यायची आणि खुर्चीचे हात दाबून उठायचं. वॉकरला धरून स्वतःला ओढायचं नाही, तो उलटतो. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. काखेत हात घालून तिला उचलू नका. दुकानदाराची घाई असेल तर ती तुम्ही सांभाळा, तिला जाणवू देऊ नका.

चपला घरी आल्या की दाराशी, तिला वाकावं लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. मग गणपती. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली तरी चालेल. फिजिओथेरपिस्ट एक साधी चाचणी घेतात. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आईला आज बरेच जास्त लागतील. लागू देत. दर पंधरा दिवसांनी मॅडमनी वेळ लावावी आणि तो आकडा आईला सांगावा. पाय तिचे आहेत, हिशेबही तिच्याकडेच राहू द्या.

समुपदेशकाची गरज नाही. आईला सगळं समजतं. ७४ वर्षांच्या बाईच्या चपला कुणी लपवल्या तर ती चिडणारच, आणि ती अजून चिडते आहे ही मला या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी वाटते. अशी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत जी काही महिन्यांनी चिडायचीही थांबली. तिथवर जाऊ देऊ नका.

तिला आज संध्याकाळीच विचारा, कुठल्या दुकानात जायचं. ती कदाचित नको म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. जाऊन आलात की मला कळवा, आणि या वेळी चार ओळी आईला लिहू द्या.

– ताई