वाचकांचे प्रश्न : जहाजावर न्यायचा रेडिओ

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर नोकरी करतो. बंदर सुटले की इंटरनेट जेमतेम मिळते आणि तेही घरच्यांशी बोलण्यात संपते. बीबीसीचे रेडिओ फोर आणि अमेरिकेतील एनपीआर ही सार्वजनिक रेडिओसंस्था यांचे कार्यक्रम मी आवडीने ऐकतो. परंतु बीबीसी साउंड्स हे ॲप आता भारतात चालत नाही. हे कार्यक्रम फोनमध्ये साठवून नेता येतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येतील, आणि त्यासाठी वर्गणीही भरावी लागणार नाही. बीबीसी साउंड्स जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबाहेरील श्रोत्यांसाठी बंद झाले हे खरे. तथापि बीबीसीचे पॉडकास्ट इतर ॲपवर मिळत राहिले आहेत. पॉडकास्टमध्ये प्रसारक प्रत्येक भागाची ध्वनिफाइल आपल्या सर्व्हरवर ठेवतो आणि तिचा पत्ता आरएसएस फीड नावाच्या यादीत नोंदवतो. ती यादी वाचू शकणारे कोणतेही ॲप ती फाइल उतरवून घेऊ शकते. २००४-०५च्या सुमारास ही पद्धत रुळली तेव्हा संगणकावर उतरवलेला कार्यक्रम आयपॉडमध्ये भरून वाटेत ऐकणे हाच तिचा मुख्य उपयोग होता, त्यामुळे आपण काही आडवाटेची मागणी करत आहात असे नाही.

अँड्रॉइड फोन असेल तर आम्ही अँटेनापॉड सुचवू. ते विनामूल्य आहे, त्यात खाते उघडावे लागत नाही आणि फाइली मेमरी कार्डावरही ठेवता येतात. आयफोनवर ॲपल पॉडकास्ट्स पुरेसे आहे. स्पॉटिफायवरही पॉडकास्ट विनामूल्य उतरवता येतात. मात्र उतरवलेले भाग टिकवण्यासाठी ३० दिवसांतून किमान एकदा ऑनलाइन यावे लागते आणि दीर्घ फेरीवर असलेल्या माणसाला नेमकी हीच अट नडते.

जागेची चिंता नसावी. १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाच्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ५८ एमबी लागतात, म्हणजे शंभर तासांचे ऐकणे सहा जीबीच्या आत मावते. ‘इन अवर टाइम’ हा इतिहास, विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांवरील चर्चेचा कार्यक्रम १९९८ पासून चालू असून त्याचे हजाराहून अधिक भाग झाले आहेत; त्याचे जुने भाग मुळीच शिळे वाटत नाहीत, म्हणून सुरुवात तेथून करावी. एनपीआरच्या बाबतीत मुलाखतींचा ‘फ्रेश एअर’ घ्यावा. ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ हा रोजचा वार्ताकार्यक्रम रेडिओवर जसा असतो तसा पॉडकास्टमध्ये मिळत नाही. त्याच्या चमूचा ‘कन्सिडर धिस’ हा छोटा पॉडकास्ट मिळतो. तसेही महिनाभर जुन्या बातम्यांनी फोन भरण्यात अर्थ नाही.

संगीताच्या कार्यक्रमांबाबत मात्र निराशा होईल. गाणे रेडिओवर वाजवण्याचे हक्क आणि त्याची फाइल श्रोत्याच्या हाती देण्याचे हक्क वेगवेगळे असतात, त्यामुळे पॉडकास्टमध्ये गाणी छाटली जातात. १९४२ पासून चालू असलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’मध्ये पाहुणे निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडतात, त्या कार्यक्रमाच्या पॉडकास्टमध्येही गाण्यांचे तुकडेच ऐकू येतात, ही गंमतच म्हणायची!

निघण्यापूर्वी फोन विमान मोडवर टाकून काही भागांचा शेवटचा मिनिट ऐकून पाहावा, कारण अर्धवट उतरलेली फाइल वरकरणी ओळखू येत नाही. ऐकून झालेले भाग आपोआप पुसण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. पुन्हा ऐकायचे असल्यास ती आधीच बंद करावी.

प्रश्न : आकाशवाणीचे मराठी कार्यक्रम असेच साठवता येतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सरसकट नाही. न्यूज ऑन एअर या ॲपवर केंद्रांचे थेट प्रक्षेपण ऐकू येते. परंतु ते प्रवाही प्रसारण असल्यामुळे त्यात साठवण्याजोगी फाइल हाती येत नाही. प्रादेशिक बातमीपत्रांची ध्वनिमुद्रणे आकाशवाणीच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर ठेवली जातात आणि ती ब्राउझरमधून उतरवून घेता येतात. ती रोज हाताने उतरवावी लागतील, एवढी तयारी ठेवावी.