आधी समुद्र की आधी मालिश?

प्रश्न : मे महिन्यात मालवणजवळच्या रिसॉर्टला जातोय. परभणीचं ऊन सोसणाऱ्यांना तिथलं काय बाधणार? पोचल्यावर लगेच स्पामध्ये तेलमालिश घ्यावी का? – एक वाचक, परभणी

उत्तर : बाधतं. पारा आपल्याकडच्यापेक्षा कमी असला, तरी दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. पाणी पीत राहा.

मालिश समुद्रात जाण्याआधी नकोच. तेलकट अंगावर सनस्क्रीन नीट बसत नाही. उन्हानं लाल झालेल्या कातडीला तर हातही लावू देऊ नका. संध्याकाळी, खाल्ल्यावर दोनेक तासांनी घ्या. बीपी असेल तर आधी सांगा, वाफ टाळा.

सनस्क्रीन एसपीएफ ३०चं, उन्हात जाण्याआधी १५ मिनिटं. दर २ तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या, पायांचे पंजे हमखास राहतात आणि तेच भाजतात.