तांबू सगळ्यांकडे जातो, मग तो आमचा होईल का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मिरजेत राहतो. मुलाच्या नवव्या वाढदिवसाला गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये तांदळाचं पोतं द्यायला गेलो होतो. तिथे तांबू नावाचा गावठी कुत्रा आहे. चारेक वर्षांचा असेल. तांबूस अंग, पुढचे पाय पांढरे, मागचा उजवा पाय किंचित ओढतो. गाडीने उडवलं म्हणून त्याला तिथे आणलं, त्याला आता चौदा महिने झाले. तो आला आणि सरळ माझ्या मुलाच्या बुटावर बसला. आम्ही निघेपर्यंत उठला नाही. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पण तिथली मुलं म्हणाली, "हा सगळ्यांशी असाच." आमच्यानंतर आलेल्या माणसाच्या पायावरही तो तसाच बसला, ते बघून मुलगा हिरमुसला. मिस्टर म्हणतात, आणायचंच तर पिल्लू आणू, वळण तरी लावता येईल. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांचं म्हणणं, कुत्रे दत्तगुरूंच्या पायाशी शोभतात, माझ्या स्वयंपाकघरात नकोत. आणि चावला तर? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, जातीचा असेल तर बघू, रस्त्यावरचा चालणार नाही. मी काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बुटाच्या ओळीवर थांबले. असा एक जीव मी जवळून पाहिला आहे.

गेली सोळा वर्षं मी पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये काम करते. आमच्याकडे मोगरी नावाची कुत्री होती. पांढरी, एक कान दुमडलेला. फाटकाशी गाडी थांबली की ती सगळ्यांत आधी जाळीशी यायची आणि जाळीला अंग टेकून उभी राहायची. जाळीचे चौकोन तिच्या कुशीवर उमटलेले असायचे. येणारा प्रत्येक जण तिच्याबरोबर फोटो काढायचा. आणि प्रत्येक जण जाताना म्हणायचा, "ही इतकी गोड आहे, हिला काय, कुणीही नेईल." असं म्हणत म्हणत तीन वर्षं गेली. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी तिचं ताट ठेवताना म्हणायच्या, "दिवसभर सगळ्यांची लाडकी, आणि रात्री एकटीच गं बाई."

तांबूचं तेच होतंय. म्हणून आधी तुमच्या मुलासाठी लिहिते, त्याला वाचून दाखवा.

कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या दिवसांत ज्यांचा प्रेमळ सहवास मिळतो, ते त्याला पुढे आपले वाटतात. त्या काळात माणसाचा हातच लागला नाही, तर ते पिल्लू बहुधा जन्मभर माणसापासून चार हात लांब राहतं. तांबू अनोळखी पायावर येऊन बसतो, याचा अर्थ चार वर्षांपूर्वी कुठल्या तरी चहाच्या टपरीवर, कुठल्या तरी जिन्याखाली कुणीतरी त्याला उचलून घेतलं असणार, पाठीवरून हात फिरवला असणार. गाडीखाली येऊनही त्याचा तो विश्वास मोडला नाही. तुझ्यानंतर तो दुसऱ्याच्या पायावर बसला म्हणून तुझ्याजवळ बसणं खोटं ठरत नाही, बाळा. जिथे शंभराच्या वर कुत्री आणि पाच-सहा माणसं असतात, तिथे एकेकाच्या वाट्याला दिवसातून किती वेळ हात येतो? मिळेल तेवढा तो घेतोय. घर मिळालं की हे बदलतं. मोगरी शेवटी एका निवृत्त जोडप्याकडे गेली. तिसऱ्या महिन्यात त्या काकांचा फोन आला. त्यांच्या रस्त्यावरून दिवसभर स्कूटर जातात, पण काकूंची स्कूटर कोपऱ्यावर वळली की तेवढ्याच आवाजाला मोगरी उठून दाराशी जाते.

आता मिस्टरांचं म्हणणं. वळण लावायला पिल्लूच हवं, हा समज फार खोलवर बसलेला आहे आणि त्यापायी चांगली, मोठी कुत्री म्हातारी होईपर्यंत शेल्टरमध्ये राहतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीही. दात येताना ते चपला, वायरी, सोफ्याचे कोपरे, सगळं कुरतडतं. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची, टांगती तलवार असते. आणि मोठं झाल्यावर ते कसं निघेल, हे कुणीच सांगू शकत नाही. तांबू मात्र जसा आहे तसा समोर उभा आहे. उंची, ताकद, स्वभाव, सगळं दिसतंय. बहुतेक कुत्री झोपायची जागा घाण करत नाहीत. पहिले काही दिवस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी नेलंत, तर बाहेरची सवय लवकर लागते. मोठा कुत्रा शिकत नाही, हे मी सोळा वर्षांत एकदाही खरं ठरलेलं पाहिलं नाही.

तेव्हा माझं उत्तर "आणा" असं आहे. पण येत्या रविवारी लगेच नको. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. राजा नावाचा असाच गोड, सगळ्यांच्या अंगाखांद्यावर येणारा कुत्रा मी एका कुटुंबाला पहिल्याच भेटीत दिला. इतका प्रेमळ आहे, पळून कशाला जाईल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी गॅस सिलेंडरवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं आणि राजा त्याच्या पायांमधून निसटला. शेल्टरमधल्या प्रेमळ कुत्र्यालाही नव्या घरात पहिले दिवस भीतीच वाटते, आणि घाबरलेला कुत्रा हाकेला ओ देत नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आम्ही चार रात्री बॅटऱ्या घेऊन हिंडलो. पाचव्या पहाटे भाजी मंडईत, ताडपत्रीखाली सापडला, पायाचे तळवे सोललेले. त्या घरातली लहान मुलगी चार दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून कुत्रा द्यायच्या आधी मी ही गोष्ट सांगते आणि मगच पुढचं बोलते.

तर तुम्ही निदान तीन वेळा जा. पहिल्यांदा तांबूला जाळीच्या बाहेर, एकट्याला, अर्धा-पाऊण तास फिरवा. आत कलकलाट असतो, तिथे स्वभाव कळत नाही. दुसऱ्या वेळी त्याच्यासमोर जेवण ठेवू द्या आणि लांबून बघा. कुणी जवळून गेलं तर अंग ताठ होतं का, गुरगुरतो का? मांजर दिसली तर काय करतो? तिसऱ्या वेळी सासूबाईंना न्या. त्यांना खुर्चीवर बसवा आणि तांबूला पट्ट्यावर धरून जवळ आणा. त्यांना हात लावायचा आग्रह करू नका. त्यांना न सांगता कुत्रा घरी आणून "बघा, किती गोड आहे" असं मुळीच करू नका. घरातल्या मोठ्या माणसाचं मन मोडून आणलेला कुत्रा महिन्याभरात परत आलेला मी पाहिला आहे, आणि परत आलेला कुत्रा जाळीशी यायचाही बंद होतो.

शेल्टरकडे त्याचं कार्ड मागा. रेबीजची लस कधी दिली, पार्व्हो-डिस्टेंपरची कधी, नसबंदी झाली आहे का. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला बहुधा छोटा काप दिलेला असतो, तो बघून घ्या. गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या, कारण आपल्याकडे तो फार, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही दडून बसतो. मागच्या पायाचा एक्स-रे काढलेला असेल तर तोही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तर जिने किती चढवायचे, हे त्यावरून ठरेल.

घरी आणाल तेव्हा एक पट्टा गळ्यात आणि दुसरा छातीच्या हार्नेसला, असे दोन लावा. पहिले पंधरा दिवस दाराशी कुणीही आलं की आधी तांबूला आतल्या खोलीत बंद करायचं आणि मगच दार उघडायचं. हा नियम मुलाच्या हाताने कागदावर लिहून दाराला चिकटवा.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. फरशी! माती आणि कोब्यावर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. तो चार पाय फाकवून मधेच उभा राहतो, थरथरतो, आणि लोकांना वाटतं हा आजारी आहे. त्याच्या झोपायच्या जागेपासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरा. तांबूचा तर एक पाय अधू आहे, त्याला त्या लागतीलच. कुकरची शिट्टी, मिक्सर, डोक्यावर फिरणारा पंखा, लिफ्ट, यातलं त्याने काहीही पाहिलेलं नसेल. पहिले तीन दिवस जेवला नीट नाही, कोपऱ्यात जाऊन बसला, तर घाबरू नका. पाणी मात्र पितोय ना, ते बघा. आम्ही कामात एक ढोबळ हिशोब धरतो : तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घराचं वेळापत्रक कळायला, तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटायला. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त.

मुलाला एवढंच शिकवा : जेवताना, झोपताना त्याला हात लावायचा नाही, गळ्याला मिठी मारायची नाही, आणि तो उठून गेला तर मागे जायचं नाही.

सासूबाईंची भीती रास्त आहे. त्यांना दाताइतकाच धोका अंगावर उडी मारण्याचा आहे. त्या वयात धक्का लागून पडणं किती महागात पडतं, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड, असं घरातल्या सगळ्यांनी पाळा. रेबीजची लस दर वर्षी, न चुकता. तरीही कधी कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हळद-चुना काही लावायचं नाही. स्वयंपाकघराचं म्हणाल, तर उंबरा कुत्र्याला छान कळतो. आमच्या आईचीही हीच अट होती. आमची कुत्री अकरा वर्षं त्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडायची, पंजासुद्धा आत टाकला नाही. शेवटची भाकरी तव्यावर पडली की आई तिच्यासाठी एक चतकोर बाजूला काढायची.

राहता राहिले सेक्रेटरी. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना त्यांना छापून द्या. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. गावठी आणि जातिवंत असा भेद नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण भांडायला जाऊ नका. पट्टा लावल्याशिवाय बाहेर नेणार नाही आणि घाण स्वतः उचलू, हे लिहून द्या आणि तसं वागा. पालिकेत परवान्याची चौकशी करून त्याची प्रतही द्या.

आणखी एक, मिस्टरांशी बोलताना हे मनात असू द्या. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली, आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असंही सांगितलं. गावठी कुत्रा बारा-चौदा वर्षं सहज जगतो. म्हणजे तुमचा मुलगा कॉलेजात जाईल तेव्हाही तांबू तुमच्या घरात असेल. याला तुम्ही सगळे मिळून हो म्हणणार असाल, तर आणा. आणि मला कळवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे. शेल्टरमधली एक प्रौढ कुत्री घ्यायची इच्छा आहे. दूध-भाकरीवर ती राहील का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नुसत्या दूध-भाकरीवर नाही. माणसाबरोबर हजारो वर्षं राहून कुत्रा धान्य पचवायला शिकला, त्यामुळे भाकरी-भात त्याला चालतो. पण त्याला प्रथिनं भरपूर लागतात, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधाने जुलाब होतात. घरात अंडं चालत असेल तर प्रश्न बराचसा सुटतो. तेही नको असेल तर दही-पनीरच्या जोडीला कुत्र्यांसाठीचं तयार संतुलित खाणं द्या आणि प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. आपल्या फोडणीच्या आमटीत कांदा-लसूण असतोच, म्हणून ताटातलं उरलेलं वाढू नका. तिच्यासाठी बिनफोडणीचं वेगळं काढा.

प्रश्न : मी कोल्हापुरात होस्टेलवर राहते, कुत्रा पाळू शकत नाही. शेल्टरला पैसेही देता येत नाहीत. तरी काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : फिरवायला जा. आठवड्यातून एक दिवस, एकच कुत्रा, दर वेळी तोच. जो पट्ट्यावर नीट चालायला शिकतो, ज्याला रिक्षाच्या आवाजाची सवय होते, त्याला घर मिळणं सोपं जातं, आणि शेल्टरच्या माणसांना एकेकाला फिरवायला वेळच नसतो. तीन-चार वेळा गेल्यावर त्याच्याबद्दल जे कळेल ते वहीत लिहा : जिन्याला घाबरतो का, मुलांशी कसा, एकटा ठेवला तर रडतो का. घ्यायला आलेल्या माणसाला फोटोपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते. सकाळी आठच्या आत पोचा. त्यानंतर भाताचं पातेलं उतरतं, आणि मग कुणीही तुमच्याबरोबर बाहेर यायला तयार होणार नाही.