वाचकांचे प्रश्न : मुंबईचे पाय, टोरंटोचा फुटपाथ

डिसेंबर लागला की या सदराच्या पत्रांचा नूर बदलतो. जूनमध्ये कपाटातली बुरशी, दिवाळीत चकल्या मऊ का पडल्या, आणि आता ‘लेक तिकडे आहे, बर्फ पडायला लागलाय’. संपादकांनी ही सगळी पत्रं माझ्याकडे ढकलली, कारण टोरंटोत मी सतरा हिवाळे काढले. राहायला स्कारबरोत, कचेरी डाउनटाउनमध्ये, रोज आधी बस आणि मग सबवे, म्हणजे तिकडची भुयारी रेल्वे. आता मुलुंडला परत आले आहे आणि डोक्यावर पंखा लावून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही की मोटार शिकवणारी नाही. आपटून शहाणी झालेली बाई आहे, एवढ्या अधिकारावर वाचा.

‘ताई, माझी मुलगी सप्टेंबरपासून टोरंटोत शिकते. घरापासून बस स्टॉप बारा मिनिटांवर. गेल्या आठवड्यात सकाळी जाताना ती घसरून पडली, मनगट सुजलंय. तिने जागेचा फोटो पाठवला तर तिथे बर्फाचा कणही नाही, नुसता ओला फुटपाथ! बूट वाईट आहेत की हिचं लक्ष फोनमध्ये होतं?’ — एक आई, विलेपार्ले

तिला रागावू नका. फोटोत तुम्हाला जे ओलं दिसलं तोच बर्फ.

इथे आपल्या भाषेची जरा पंचाईत होते. आभाळातून पडतो तोही बर्फ, गोळेवाला किसतो तोही बर्फ, आणि ससून डॉकवर पापलेटांवर फावड्याने ओततात तोही बर्फच. तिकडे स्नो वेगळा आणि आइस वेगळा. ताजा स्नो भुसभुशीत असतो, पाय रुततो, आणि त्यात पडलात तर फार लागत नाही, उलट लोक हसतात. हाडं मोडतो तो आइस. त्यातला सगळ्यात लबाड ब्लॅक आइस. नावात काळा असला तरी त्याला स्वतःचा रंग नाही. काचेसारखा पातळ थर, त्यातून खालचं डांबर किंवा सिमेंट जसंच्या तसं दिसतं. दुपारी फुटपाथच्या कडेचा ढीग थोडा पाझरतो, पाणी आडवं ओघळतं. डिसेंबरात टोरंटोचा सूर्य पावणेपाचच्या सुमारास बुडतो आणि रात्री तेच पाणी गोठून बसतं. सकाळी आठच्या तासाला निघणारी पोर तर काळोखातच बाहेर पडते, कारण महिनाअखेरीस तिथे उजाडायलाच पावणेआठ वाजून जातात.

म्हणून माझा एक ठोकताळा होता. फोनवर तापमान शून्याखाली आणि फुटपाथ ओला चमकतोय, तर तो ओला नाही असं समजून पाऊल टाकायचं. मीठ मारलेलं असेल तर खरंच ओला असू शकतो, बुटाखाली खडे चुरचुरतात त्यावरून कळतं. पण मिठालाही मर्यादा आहे. साधारण उणे दहाच्या खाली गेलं की साधं मीठ थकतं, मग वाळू किंवा बारीक खडी टाकतात. आणि गंमत अशी, की कडकडीत थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा ‘बरा’ दिवस जास्त पाडतो. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो ना, म्हणून.

तुमचं आजोळ कोकणात असेल तर बाकीचं सांगायची गरज नाही. पावसाळ्यात पागोळ्यांखालची चिऱ्याची पायरी आठवा, शेवाळाने हिरवीगार झालेली. आजी तिच्यावरून कशी उतरायची? अख्खा तळवा एकदम टेकवून, गुडघे जरा वाकवून, छोटी पावलं, हात मोकळे, आणि एक पाऊल नीट टेकल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. कॅनडात याच चालीला पेंग्विनची चाल म्हणतात आणि तिची पत्रकं वाटतात. फक्त एकच भर : हात खिशात घालायचे नाहीत. थंडी वाजते म्हणून घालतात आणि तोल गेला की हात बाहेर काढायलाही वेळ मिळत नाही. चांगले हातमोजे असतात ते त्यासाठीच.

मुलीला रोजच्या वाटेवरच्या चार जागा हेरून ठेवायला सांगा. छपराच्या पन्हळीचं तोंड जिथे फुटपाथकडे वळलेलं असतं ती. घरातून गाडी बाहेर काढायचा उतार. बस स्टॉपसमोर माणसांच्या पायांनी दाबून दगड झालेला पट्टा. तिथे बर्फ ढकलणारी गाडी रस्त्याकडेला एक बांधही करून जाते आणि तो ओलांडून बसमध्ये चढावं लागतं. चौथी, सबवे स्टेशनच्या आतल्या फरशीची. बाहेर जपून चालणारी माणसं आत आली की निवांत होतात आणि हजारो बुटांनी आणलेल्या पाण्यावर घसरतात.

आता माझी गोष्ट. दुसरा हिवाळा, फेब्रुवारी. कोपऱ्यावरून वळले तर बस स्टॉपला लागलेली, शेवटचा माणूस चढतोय. माझे पाय एका क्षणात मुंबईचे झाले. ठाण्याला सुटती लोकल पकडण्यात आयुष्य गेलेलं, मेंदूला विचारायला वेळ कुठे! चार पावलं धावले असेन. पाचव्याला पाय पुढे आणि मी मागे. पिशवीतला स्टीलचा डबा उघडून मटकीची उसळ पांढऱ्याशुभ्र ढिगावर सांडली आणि मी उजवा हात टेकला तो मनगटातच मोडला. इस्पितळात डॉक्टरांनी हात बघितला आणि एवढंच विचारलं, ‘बस पकडत होता का?’ सहा आठवडे प्लास्टर. हळदीचा तो पिवळा डाग पुढचा स्नो पडेपर्यंत तिथेच होता. रोज त्याच्या बाजूने जायचे, पेंग्विनसारखी.

तेव्हा लेकीला बूट, चाल सगळं सांगा, पण पहिल्यांदा हे सांगा की ती बस जाऊ दे. दहा मिनिटं आधी निघ आणि समोर दिसणारी बस गेली तर जाऊ दे. मागून दुसरी येते. पडायलाच लागली तर हात टेकवण्याचा मोह टाळायचा, हनुवटी छातीला लावायची आणि बाजूवर, मांडी-खांद्यावर पडायचं. सांगायला सोपं आहे, मला मान्य आहे. पण हनुवटीचं तरी जमतं आणि डोकं वाचतं.

आणि त्या मनगटाचं : आठवडा होऊनही सूज असेल तर एक्स-रे हवाच. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखत असेल तर अजिबात टाळू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधीकधी पहिल्या फोटोत दिसतसुद्धा नाही, काही दिवसांनी पुन्हा काढावा लागतो.

‘मावशी, मी जानेवारीत शिकायला जातोय. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला ट्रेकिंगचे बूट स्वस्तात मिळतायत. इथूनच घेऊन जाऊ का?’ — एक विद्यार्थी, भांडुप

नको रे. ते हरिश्चंद्रगडाला ठेव. इथल्या बुटाचं रबर इथल्या हवेसाठी असतं, थंडीत ते कडक होतं आणि कडक रबर बर्फावर सरळ घसरतं. तळव्याची खोल नक्षी स्नोमध्ये कामाला येते, गुळगुळीत आइसवर रबराचा मऊपणा. आणि महाग म्हणजे चांगला असंही नाही. टोरंटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटमध्ये बर्फाची जमीन असलेली एक खोली आहे. माणसाला वरून पट्ट्यांनी बांधून तिच्यात चालवतात आणि खोली हळूहळू कलती करत जातात, बूट कुठल्या कोनावर सुटतो ते बघायला. २०१६ साली त्यांनी पहिले निकाल दिले तेव्हा ९८ प्रकारच्या बुटांपैकी जेमतेम ९ पास झाले होते. त्यांची यादी बघून तिथेच घे, जाड मोजा मावेल असा अर्धा नंबर मोठा. बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टेही मिळतात, उत्तम असतात, फक्त दारातून आत शिरण्याआधी काढ. फरशीवर लोखंडी खिळे म्हणजे स्केटिंगच.

‘मी ६८ वर्षांचा, गिरगावात राहतो. चाळीस वर्षं पहाटे चौपाटीवर फिरतो, खंड नाही. जानेवारीत आम्ही उभयता मॉन्ट्रियलला मुलाकडे तीन महिने जाणार आहोत. मुलगा म्हणतो, बाबा, पहाटे बाहेर पडायचं नाही. पत्नी फक्त साडी नेसते. काय करावं?’ — एक वाचक, गिरगाव

काका, मुलाचं ऐका. फिरणं सोडू नका, पहाट सोडा. दुपारी बारा ते दोन, फुटपाथ साफ झाल्यावर, उजेडात जा. त्याहून चांगलं म्हणजे मेट्रोने शहराच्या मध्यात जाऊन भुयारातून फिरा. मेट्रोची स्टेशनं, दुकानं, कचेऱ्या जोडणारे तीस किलोमीटरहून जास्त भुयारी रस्ते आहेत तिथे. तुमच्या चौपाटीच्या कितीतरी फेऱ्या होतील, तीही स्वेटर काढून. समुद्र मात्र नाही, त्याला इलाज नाही.

मुलाचं घर जुन्या वस्तीत असेल तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या : जिना बाहेरून आहे का? मॉन्ट्रियलमध्ये जुन्या घरांना रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यावर जाणारे लोखंडी जिने असतात, कित्येक गोल वळणाचे. चाळीच्या जिन्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील आणि तिथेच फसगत होईल. कठडा धरल्याशिवाय पायरी नाही, आणि एका हातात सामान असेल तर दोन खेपा करायच्या.

हवामानाच्या बातमीत ‘व्हेर्ग्ला’ हा फ्रेंच शब्द आला की त्या दिवशी घरात पत्ते खेळा. हा पाऊसच असतो, पण टेकताक्षणी गोठणारा. फांदी, तार, कठडा, पायरी, सगळ्यावर काच चढते. १९९८ च्या जानेवारीत तो दिवसचे दिवस पडत राहिला आणि क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, विजेचे मनोरे बर्फाच्या भाराने वाकून कोसळले. कित्येक घरांत दिवे यायला काही आठवडे लागले. असल्या दिवशी काठीही उपयोगाची नाही. एरवी काठी घ्या, टोकाला दुमडता येणारा खिळा बसवलेली मिळते. वारा धरून जाणवणारी थंडी उणे अठ्ठावीसच्या खाली असेल तर उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत इजा होऊ शकते, म्हणून कान आणि नाक झाकलेलं हवं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागल्यावर ‘काही नाही झालं’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

काकूंच्या साडीबद्दल. मी स्वतः दोन हिवाळे हट्टाने नेसले. अडचण थंडीची नाही, आतून लोकरीची विजार घातली की ऊब राहते. अडचण काठाची. तो वितळलेल्या चिखलात भिजतो, मग पत्र्यासारखा कडक होतो आणि बुटात अडकतो. घरात, देवळात साडी खुशाल, पण रस्त्यावर विजार आणि लांब कोट, साडी पिशवीत. काकूंना माझं नाव सांगा, ऐकतील.

हां, रात्री रस्त्यावर भोंगा वाजला तर दचकू नका. ढीग उचलायच्या आधी कडेच्या गाड्या हलवा म्हणून ते वाजवत फिरतात.

‘माझा मुलगा मिसिसागाला असतो, ऑफिसला जायला त्याने सेकंडहँड गाडी घेतली. ऑल-सीझन टायर आहेत, वेगळे नकोत म्हणतो. म्हणे पावसात मुंबई-गोवा महामार्गावर चालवलीय, तर हे काय! बरोबर आहे का?’ — एक वडील, दहिसर

मुंबई-गोवा महामार्गावर त्याला खड्डे दिसत तरी होते.

सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, मुंबईच्या थंडीचा तो विक्रम. तिकडे सात अंश ही टायर बदलायची खूण. त्याच्या खाली साध्या टायरचं रबर ताठर व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. शेजारच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. मिसिसागा ऑन्टारिओ प्रांतात, तिथे सक्ती नाही, पण विम्याच्या हप्त्यात सूट मिळते हे त्याच्या कानावर घाला. मुलगे कायद्यापेक्षा सुटीला लवकर वळतात. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकणाची खूण असते, ती बघून चारही घ्यायचे, दोन नाहीत.

पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याच्या खालूनही वारा वाहतो. तिथे ब्रेक आणि वळण दोन्ही टाळायचं, आधीच वेग उतरवायचा. काच पुसताना नुसती समोरची खिडकीएवढी जागा खरवडून निघायचं नाही, छतावरचा ढीगही काढायचा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सरकत काचेवर येतो.

आणि एक गोष्ट टायरच्याही आधी. गाडी बर्फात रुतली किंवा रात्रभर स्नो पडून बुडाली, तर इंजिन चालू करण्यापूर्वी मागे जाऊन धुराड्याची नळी मोकळी करायची. ती बुजलेली असली की ऊब घ्यायला आत बसलेल्या माणसाभोवती विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि बसणाऱ्याला फक्त झोप आल्यासारखं वाटतं. हे आजच्या फोनवर सांगा. टायरचं रविवारी बोललात तरी चालेल.