वाचकांचे प्रश्न : दुचाकीचा वेग, वारा आणि ॲव्हरेज

प्रश्न : माझ्याकडे १०० सीसीची मोटरसायकल असून नोकरीसाठी रोज इंदापूरहून भिगवणला महामार्गाने जाणे-येणे असते. पूर्वी ताशी ५०-५५ किलोमीटरने जात होतो, आता ८० च्या आसपास चालवतो आणि ॲव्हरेज बरेच उतरले आहे. पुढचे १४ दातांचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) काढून १५ दातांचे बसवावे आणि समोर विंडशील्ड लावावी, असे मेकॅनिक सुचवतात. उपयोग होईल का? (एक वाचक, इंदापूर)

उत्तर : स्प्रॉकेट बदलून उतरलेले ॲव्हरेज परत मिळणार नाही, वेग कमी केल्यास मिळेल. गाडी पुढे नेण्यासाठी किती काम करावे लागते आणि तेवढे काम इंजिन किती पेट्रोलमध्ये करून देते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्प्रॉकेट बदलणे म्हणजे गिअरचे प्रमाण बदलणे; त्याचा संबंध फक्त दुसऱ्याशी येतो आणि आपली अडचण पहिल्यात आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या चालकासह साध्या मोटरसायकलचा ढोबळ हिशेब मांडला, तर वारा पडलेला असताना ताशी ५० किलोमीटरला हा विरोध सुमारे ७० न्यूटन (न्यूटन हे बळाचे एकक) असतो आणि ८० ला तो १८० च्या घरात जातो. टायरचा विरोध दोन्ही वेळी ३०-४० न्यूटनच राहतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागचे काम दुप्पट होते, आणि तेच काम कमी वेळात उरकायचे असल्याने इंजिनाकडून मागितली जाणारी शक्ती तिपटीहून अधिक होते. आठ अश्वशक्तीच्या इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद त्यात खर्ची पडते. पेट्रोल मात्र अगदी दुप्पट लागत नाही, कारण फार हलक्या भाराखाली इंजिनाची कार्यक्षमता कमी असते आणि भार वाढला की ती काही प्रमाणात सुधारते.

आपल्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. भिगवण इंदापूरच्या वायव्येला आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे जाताना तो बराचसा समोरून लागतो. ताशी २० किलोमीटरचा वारा थेट समोरून असेल, तर ६० ने जाणाऱ्या गाडीला ८० च्या वेगाइतकाच हवेचा विरोध सोसावा लागतो. परतताना तोच वारा पाठीशी असला तरी भरपाई पूर्ण होत नाही : जाताना सुमारे १८० न्यूटन आणि येताना ४५, म्हणजे सरासरी ११० च्या वर, तर वारा नसता तर दोन्ही वेळा १०० च लागले असते.

आता स्प्रॉकेटविषयी. एक दात वाढवल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतात, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) थोडा अधिक उघडा राहतो आणि इंजिनातील घर्षण व हवा आत ओढण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. सपाट रस्त्यावर ५०-६० चा वेग स्थिर ठेवणाऱ्याला याचा थोडा लाभ होतो. आपल्याला ८० ला इंजिनाची जवळजवळ पूर्ण ताकद लागत असल्याने समोरून वारा आला की टॉप गिअरमध्ये गाडी ओढणार नाही, तिसरा टाकावा लागेल आणि वाचलेले सगळे तिथेच जाईल. शिवाय गर्दीतून निघताना क्लच अधिक घासेल. ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, त्यांत या बदलानंतर मीटर प्रत्यक्षाहून कमी किलोमीटर दाखवतो, हेही ॲव्हरेज काढताना ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत मोटरसायकलींचे डिझायनर क्रेग व्हेटर यांनी १९८० च्या दशकात कमीत कमी इंधनात मोटरसायकल चालवण्याच्या स्पर्धा भरवल्या. त्यांतील गाड्यांना शेपटीकडे निमुळते होत जाणारे कवच असे. हवेचा विरोध असा घटल्यावरच लांब गिअर, म्हणजे कमी फेऱ्यांत तोच वेग देणारा गिअर, इंजिनाला झेपतो. नुसता गिअर लांब करणे म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणे होय. बाजारातील उभ्या विंडशील्डने छातीवरचा वारा अडतो आणि थकवा कमी होतो, पण तिच्यामागे हवा तशीच घुसळत राहते, म्हणून ॲव्हरेजसाठी तिच्यावर पैसे घालू नयेत.

जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावावी, रेनकोट फडफडू देऊ नये, पिशवी बाजूला न लटकवता पाठीमागे बांधावी आणि टायरमधील हवा व चेनचा ताण नेमका ठेवावा. वेग ५५ वर आणल्यास प्रत्येक ३० किलोमीटरमागे दहा मिनिटे अधिक लागतील, आणि माझ्या मते ती देण्याजोगी आहेत. फरक पाहण्यासाठी एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून, जाण्या-येण्याचे दोन्ही प्रवास धरून हिशेब करावा.

प्रश्न : घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यास पेट्रोल वाचते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : इंधन इंजेक्शनच्या गाडीत उलटे घडते. गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण मिटून उतरताना फेरे पुरेसे असतील तर बहुतेक अशा गाड्यांत इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असते. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत न्यूट्रलने थोडी बचत होऊ शकते, परंतु इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर पडतो आणि लांब उतारावर तापलेल्या ड्रम ब्रेकची पकड सुटू लागते. म्हणून दोन्ही प्रकारच्या गाड्या गिअरमध्येच उतरवाव्यात.