बायकोच्या नावावर ग्रीसमध्ये कंपनी: तुमच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

नमस्कार,

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. पुण्याहून अथेन्सला यायचंय, छोटी कंपनी काढायचीय, ती ईके असावी की एई, मुलगा आठ वर्षांचा आहे तर शाळेचं काय, एकटं वाटतं का. आणि शेवटी जाता जाता जोडलेलं वाक्य: 'माझी नोकरी चालू राहील म्हणून कंपनी मिसेसच्या नावावर ठेवू, फॉर्मॅलिटीच आहे.' आधीचं सगळं मी दोन ओळींत उरकलं असतं. या शेवटच्या वाक्यामुळे रात्री साडेअकराला लिहायला बसलोय.

ते झटपटवालं आधी. एई म्हणजे मोठी शेअरवाली कंपनी, २०१८ चा ४५४८ क्रमांकाचा कायदा, किमान भांडवल २५,००० युरो. तुम्हाला नको. ईके म्हणजे छोटी खासगी मर्यादित कंपनी, ती २०१२ च्या ४०७२ कायद्याने आली. तिला भांडवलाची अट नावापुरतीसुद्धा नाही आणि ती एकट्यालाही काढता येते. नफ्यावर सध्या २२ टक्के कर, नफा घरी आणलात तर लाभांशावर आणखी ५ टक्के. ऑनलाइन एका दिवसात कंपनी होते असं सरकार सांगतं आणि ते खरं आहे. पण कंपनी निघाली म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही, ही दोन वेगळी दारं आहेत. परवान्याचं वकिलाला विचारा. बाकी सगळं सरकारी साइटवर आहे, मी तेच परत टंकणार नाही.

आता माझं.

मी मूळचा रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनिअर होतो. २०१३ साली एका ग्रीक मालकाच्या पिरेयसमधल्या, म्हणजे अथेन्सच्या बंदरातल्या, ऑफिसात सुपरिटेंडंट म्हणून किनाऱ्यावर आलो. बायको आणि सात वर्षांची मुलगी बरोबर. बायको चिपळूणला पतसंस्थेत आठ वर्षं नोकरीला होती, ती सोडून आली. वर्षभरात माझ्या लक्षात आलं की जहाजांच्या सुट्या भागांत पैसा आहे. ओळखी होत्या, आक्ती मियाउली या जहाज कंपन्यांच्या रस्त्यावरच्या निम्म्या ऑफिसांत मी कॉफी प्यायलेली होती. पण माझ्या नोकरीच्या करारात दुसरा धंदा करायला मनाई. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनी बायकोच्या नावावर काढली. एकटी भागधारक तीच, व्यवस्थापकही तीच. मी तिला म्हणालो होतो, फॉर्मॅलिटी आहे, इथे सही कर. तुमचाच शब्द. म्हणून म्हटलं झोप लागणार नाही.

पहिली अडचण आली ती नावाची, आणि ही तुम्हाला कुठल्याच साइटवर सापडणार नाही. इथे प्रत्येक जण प्रत्येक कागदावर वडिलांचं नाव लिहितो. बाई असो, लग्न झालेलं असो, वडिलांचंच. १९८३ पासून तर कायद्यानेच बाईचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. आणि आपल्या बायकांच्या पासपोर्टवर मधलं नाव असतं नवऱ्याचं. आमच्या भाषांतरकाराने ते सरळ वडिलांच्या रकान्यात टाकलं. तिचा करक्रमांक निघाला (त्याला इथे 'अफीमी' म्हणतात, आम्ही घरात यावर बरेच दिवस हसलो) आणि सात महिने माझी बायको करखात्याच्या दप्तरी माझी मुलगी होती.

तेवढं हसून सोडता आलं असतं, पण नाव जुळत नाही म्हणून बँक खातं उघडेना. दुरुस्तीला जन्मदाखला हवा. तिच्या गावच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीत नावच नाही, नुसतं 'स्त्री'. मेहुण्याने आधी तिथे नाव चढवून घेतलं, मग मंत्रालयातला शिक्का, मग दिल्लीचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारी मोहोर, मग इथलं ग्रीक भाषांतर, मग परत तोच काउंटर. मेहुण्याने तीन वेळा मुंबईची खेप केली. त्याचे आभार मी नीट मानले नाहीत, आत्ता लिहिताना आठवलं. तुम्ही निघण्याआधी दोघांचेही जन्मदाखले बाहेर काढून त्यात नाव आहे का ते बघा. आजच बघा.

दुसरी गोष्ट, बायकोची सही मराठीत आहे. इथे महत्त्वाच्या कागदावर सही आपलीच आहे असं नागरिक केंद्रात, म्हणजे 'केप'मध्ये जाऊन कारकुनासमोर सिद्ध करावं लागायचं. त्या खिडकीतली बाई पासपोर्टवरची सही आणि कागदावरची सही एकेका वळणाने ताडून बघायची. एकदा ती बायकोला म्हणाली, 'सुंदर आहे, काय लिहिलंय?' बायकोने स्वतःचं नाव वाचून दाखवलं. ती सही कशाखाली होती, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच वाचलं नव्हतं.

कशाखाली होती ते सांगतो. एकट्याच्या ईकेचा भागधारक आणि व्यवस्थापक यांना स्वतःचा सामाजिक विमा भरावाच लागतो, पगार घ्या की घेऊ नका. तो हप्ता माणसाच्या डोक्यावर असतो, कंपनीच्या नाही. शिवाय नोकरांच्या पगारातून कापलेला कर कंपनीने भरला नाही, तर व्यवस्थापक वैयक्तिक जबाबदार. मर्यादित जबाबदारी ही भागधारकाला, व्यवस्थापकाला नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे हिशेबनिसाने सांगितलं होतं. मी त्या वेळी फोनवर होतो.

मग २०१५ आलं, ग्रीसच्या कर्जसंकटाचं वर्ष. २९ जूनला बँका बंद, त्या तीन आठवडे बंदच. एटीएममधून दिवसाला ६० युरो. बाहेरच्या देशात पैसे पाठवायचे तर मंजुरी लागायची. हे निर्बंध पूर्ण उठायला १ सप्टेंबर २०१९ उजाडलं. आमचा माल हँबुर्गहून यायचा आणि तो पुरवठादार आगाऊ पैशाशिवाय एक गॅस्केट पाठवेना. गिऱ्हाईक मात्र नव्वद दिवसांनी पैसे देणार. तरी जमवलं, आणि वर्षअखेर वीस हजार नफा दिसला. तेव्हा कर २९ टक्के, म्हणजे ५,८००. शिवाय पुढच्या वर्षाचा आगाऊ कर तेव्हा शंभर टक्के, नव्या कंपनीला पहिली तीन वर्षं त्याच्या निम्मा, म्हणजे अजून २,९००. वीस हजारांवर ८,७००, आणि त्या वीस हजारांतले निम्मे अजून गिऱ्हाइकांच्या खिशात. आता आगाऊ कर ८० टक्के आहे. पहिल्या नफ्याचा आनंद साजरा करण्याआधी हा गुणाकार करून बघा.

त्याच सुमारास मी नोकरी सोडली होती आणि बायकोच्या कंपनीत, कागदोपत्री तिचा नोकर म्हणून, लागलो होतो. कर भरायला रोकड नव्हती म्हणून मी विम्याचे हप्ते आणि पगारातून कापलेला कर मागे ठेवला. दोन महिने म्हणून ठेवले, अकरा झाले. तिला सांगितलं नाही. मार्च २०१७ मध्ये ती मुलीच्या चष्म्याचे पैसे द्यायला गेली आणि कार्ड चाललं नाही. तिच्या स्वतःच्या खात्यावर जप्ती आली होती. त्यात ३,२०० युरो होते, पतसंस्थेच्या नोकरीतले, इकडे येताना आणलेले. करखात्याच्या पोर्टलवर आपलं एक खातं 'अकातास्खेतोस', म्हणजे महिन्याला १,२५० युरोपर्यंत जप्त न होणारं, म्हणून नोंदवता येतं. पाच मिनिटांचं काम. आम्ही केलेलं नव्हतं.

ती घरी येऊन ओरडली नाही. तिने सगळ्या फायली जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि चार रात्री वाचल्या, ग्रीक शब्दकोश बाजूला घेऊन. पाचव्या दिवशी स्वतः जाऊन थकबाकीचे बारा हप्ते बांधून आली. आठ वर्षं कर्जदारांची प्रकरणं तपासलेली बाई हो ती. कागद आधी दाखवले असते तर पहिल्याच दिवशी तिने मला चार प्रश्न विचारले असते, आणि मला वाटतं म्हणूनच मी दाखवले नाहीत. तेव्हापासून कंपनी खरोखर ती चालवते. बरी चालवते. पेरामाच्या दुरुस्ती यार्डातले फोरमन आता मला नाही, तिला फोन करतात.

शाळा. सरकारी शाळा चांगली आहे, फुकट आहे, मुलं सहा महिन्यांत ग्रीक बोलायला लागतात. पण मुलाला भाषा येत नाही म्हणून एक इयत्ता मागे बसवूया असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. आमची मुलगी दुसरीत जायची, तिला पहिलीत बसवलं, आणि मी 'ओके ओके' म्हणून आलो. डिसेंबरपर्यंत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती आणि बारा वर्षं पुढेच राहिली, फक्त एक वर्ष मागे राहून. सहावीत तिचे गुण वर्गात पहिले. २८ ऑक्टोबरच्या, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाच्या, संचलनात शाळेचा झेंडा पूर्वी पहिल्या आलेल्याला मिळायचा. नेमकं तेव्हा प्राथमिक शाळांत चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. तिची चिठ्ठी निघाली नाही. ती विसरली, मी नाही. परदेशी पोरगी म्हणून डावललं असतं तर भांडता तरी आलं असतं. चिठ्ठीशी काय भांडणार?

आता ती एकोणीस वर्षांची आहे. नऊ इयत्ता इथे शिकली म्हणून अठरा पूर्ण झाल्यावर तिने स्वतः ग्रीक नागरिकत्वाचा अर्ज केलाय. मंजूर झाला की निळा भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. अर्जात वडिलांचं नाव बरोबर आहे, मी दोनदा तपासलं.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. आम्ही राहतो ती निकेया १९२२ नंतर आशिया मायनरहून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली. इथे जवळपास प्रत्येकाची आजी किंवा पणजी कुठून तरी उठून आलेली, त्यामुळे तुम्ही कुठून आलात हे फार काळ कोणी विचारत बसत नाही. मराठी माणसं हाताच्या बोटांवर. गणपतीला मोदक होतात, नारळ सुपरमार्केटात मिळतो. पुरे.

तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. कंपनी मिसेसच्या नावावर काढा, बेलाशक काढा. पण मग व्यवस्थापक त्याच आहेत असं धरून चाला. करखात्याच्या पोर्टलचा पासवर्ड त्यांच्याकडे, हिशेबनिसाचे फोन त्यांना, बँकेचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर. ते जमणार नसेल तर तुम्ही व्यवस्थापक व्हा आणि नोकरीचं बघा. माझा हा निबंध त्यांनाही वाचायला द्या.

आणि एक कलम. ईके कायमची नसते. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा बारा वर्षं धरतो. आमच्या हिशेबनिसाने ती ओळ मोकळी सोडली होती, मी बघितली नव्हती. येत्या नोव्हेंबरात आमचं तप पुरं होतंय. वाढवायची तर एकट्या भागधारकाने तसा ठराव करून मुदतीआधी 'येमी'त, म्हणजे व्यापारी नोंदणीत, दाखल करायचा. वर्षं लिहिली नाहीत तर परत बाराच. एकटी भागधारक ती. माझं मत कायद्याने कोणी विचारत नाही.

वकिलाने मसुदा पाठवून तीन आठवडे झाले. परवा मी तिला विचारलं, किती वर्षं टाकणार आहेस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'तू वाचलास का मसुदा?'

पाच पानं आहेत, सगळी ग्रीकमध्ये. दोन झालीत.